ऊन होतं म्हणून

अमिरातीतल्या फुजैरा शहरात, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यापासून थोडं आत, एका पाच मजली इमारतीत दोन भाऊ राहत होते. वडील बंदराजवळच्या तेलाच्या टाक्यांवर कामाला होते, आई शाळेत शिकवत होती. घराच्या एका खिडकीतून हजर पर्वताचे उघडेबोडके डोंगर दिसत, दुसरीतून ओमानच्या आखाताचं पाणी. मे महिना लागला की दुपारी बाहेर पाऊल टाकवत नसे. मग मुलं घरातच खेळत.

थोरला पंधरा वर्षांचा होता, धाकटा अकराचा. दोघांचा खेळ एकच होता, ‘डोन्ट स्टार्व्ह टुगेदर’. त्यात माणूस एका अनोळखी रानात रिकाम्या हातांनी जागा होई. गवत, काटक्या, गारगोट्या गोळा करायच्या, अंधार पडायच्या आत शेकोटी पेटवायची, सापळा लावून ससे धरायचे, झुडपांवरची फळं तोडायची. खेळातला एक दिवस आठ मिनिटांचा असे. पहिले वीस दिवस सुगीचे. एकविसाव्या दिवशी हिवाळा येई आणि पंधरा दिवस मुक्काम ठोकून बसे. हिवाळ्यात झुडपांना फळ धरत नसे.

या खेळात अन्न नासत असे. ताजं असेतोवर त्याच्यामागचा रंग हिरवा, शिळं झालं की पिवळा, नासायला आलं की लाल, आणि त्यानंतर उरे तो नुसता कुजका गोळा. कच्चं मांस सहा दिवसांत कुजे. बर्फपेटीत ठेवलं तर दुप्पट दिवस निघत. पण काटक्या, कोळसा आणि दोर घेऊन दांडी उभारली, त्यावर मांस टांगलं आणि दोन दिवस वाळू दिलं, तर ते वीस दिवस टिके.

थोरल्याला हिवाळ्याची धास्ती होती. एकदा तो हिवाळ्यात उपाशी मेला होता, ते त्याच्या मनातून गेलं नव्हतं. म्हणून नवा डाव सुरू झाला की तो पहिल्या दिवसापासून शिकारीला लागे. मिळेल ते मांस बर्फपेटीत कोंबी. पेटीला नऊच कप्पे होते, म्हणून जुन्यावर नवं रचत जाई. स्वतः मात्र पेटीला हात लावत नसे, फळांवर दिवस काढी. पेटी भरलेली दिसली की त्याला बरं वाटे.

धाकट्याचा तळ ओढ्यापलीकडे होता. त्याचं काही ठरलेलं नसे. चार ससे सापडले तर दोन भाजून खाई. उरलेल्या दोनांचं काय करायचं, म्हणून दांडीवर टांगी. दांडी मोकळी झाली की पुन्हा टांगी. वाळलेलं एका साध्या पेटीत टाकी आणि विसरून जाई.

त्या वर्षी, 2022 साली, अक्षय्य तृतीया झाल्यावर आजी आली. ती हर्णैची होती. तिचं सगळं आयुष्य बंदराच्या लिलावातली मासळी घेण्यात, साफ करण्यात आणि वाळवण्यात गेलं होतं. दुसऱ्याच दिवशी सकाळी ती बाल्कनीत गेली, हात बाहेर काढून उन्हाला लावला आणि म्हणाली, “एवढं ऊन आणि दोऱ्या मोकळ्या?”

आठवड्याभरात तिनं घर कामाला लावलं. कैऱ्यांच्या फोडी करून आंबोशीला घातल्या. कोहळा किसून सांडगे घातले. ताकात मुरवलेल्या मिरच्या दोऱ्यात ओवल्या. साबुदाण्याच्या पापड्या घालायला गच्चीच हवी होती. गच्चीची किल्ली नातूरकडे, म्हणजे इमारतीच्या रखवालदाराकडे, असे. नातूर पेशावरकडचा पठाण होता. त्यानं आधी मान हलवली, मग आजीच्या डोक्यावरचं पातेलं पाहून मुकाट्यानं कुलूप काढलं.

आजी पहाटे उठे. आठ वाजायच्या आत तिचं पसरून झालेलं असे. वर जुनी सुती साडी ताणून बांधी, म्हणजे धूळ बसू नये. साळुंक्या हाकलायला धाकट्याला बसवी. संध्याकाळी सगळं आत आणी, कारण समुद्राकाठची हवा रात्री दमट होई आणि दिवसभराचं वाळवण पुन्हा सर्द होई. दुसऱ्या दिवशी पुन्हा वर. पापडी हातात घेऊन ती कानाजवळ मोडून पाही. कट्‌ आवाज आला तर डब्यात, नाहीतर आणखी एक ऊन.

वडील हसत. “आई, मृग यायच्या आत आगोट भरायची, ती तिकडे. इथे कुठला पाऊस? शिवाय खाली किराण्याचा बकाला आहे, रात्री बारापर्यंत उघडा असतो. फोन केला की चौथ्या मजल्यावर सामान येतं.”

“असू दे,” आजी म्हणे आणि मिरच्या उलटत्या करी.

एका शुक्रवारी ती मुलांना घेऊन मासळीबाजारात गेली. तिथे तिला एक म्हातारा इमाराती कोळी भेटला. त्या किनाऱ्यावरच्या जुन्या माणसांना मुंबईचा व्यापार माहीत होता, त्यामुळे कामापुरतं हिंदी येई. त्याच्यासमोर बरण्यांची रांग होती. बरण्यांत मालेह होता, म्हणजे मिठातली मासळी. सुरमई आणि कुपा चिरायची, आतडी काढायची, धुवायची, अंगाला मीठ चोळून बरणीत थर लावायचे, प्रत्येक थरावर पुन्हा मीठ, मग तोंड घट्ट बंद करून महिनाभर ठेवायची. शीतपेट्या आल्या नव्हत्या तेव्हा उन्हाळ्यात इथली माणसं हीच मासळी खात. शेजारच्या दिब्बा अल हिस्नमध्ये तर या मासळीचा दर वर्षी महोत्सवही भरतो.

आजीनं बरणी उचलून उजेडात धरली. मिठाला सुटलेलं पाणी मासळीच्या वर आलेलं होतं. ती समाधानानं मान हलवून म्हणाली, “पाणी बरोबर सुटलंय.” म्हाताऱ्यानं विचारलं, “तुमच्याकडे कसं करता?” आजी सांगू लागली. बांगडा पाठीतून चिरतो, मीठ भरतो, वर दगडाचं वजन ठेवतो. अर्धा तास दोघं बोलत राहिली. निघताना आजीनं दोन सुरमया घेतल्या आणि म्हाताऱ्यानं एक मूठ जाडं मीठ कागदात बांधून फुकट दिलं. घरी आल्यावर आजीनं सुरमई त्याच्या पद्धतीनं खारवली. सोबत आणलेला जवळा आणि बोंबील पुन्हा एकदा उन्हात टाकून डब्यात भरले.

संध्याकाळी हात मोकळे झाले की आजी मुलांच्या मागे खुर्ची ओढून खेळ पाहत बसे. पहिले दोन दिवस तिला काही उमगलं नाही. तिसऱ्या दिवशी तिनं धाकट्याच्या पडद्याकडे बोट दाखवलं. “ही वाळवणाची काठी काय रे?”

“हो. पण पाऊस पडत असला की वाळत नाही.”

“शहाण्या माणसानं केलेला दिसतोय खेळ,” आजी म्हणाली.

मग तिनं थोरल्याच्या पडद्याकडे पाहिलं. बर्फपेटी उघडी होती. नऊच्या नऊ कप्पे गच्च भरलेले, निम्मे पिवळे, दोन लाल.

“हे कुणाचं?”

“माझं.”

“मग खात का नाहीस? लाल पडलंय ते.”

“हिवाळ्यासाठी ठेवलंय, आजी.”

“आणि हे ताजं त्या शिळ्यावर कशाला ठेवलंस?”

थोरल्यानं मान वळवली नाही. खेळाचा नियमच तसा होता. जुन्या ढिगावर नवं ठेवलं की दोन्हींची सरासरी होई. ढीग मोठा होई, पण ताजं त्याच घडीला थोडं शिळं होऊन जाई. थोरल्याला हे ठाऊक होतं. तरी तो ढीग मोठा करत राहिला.

एकविसाव्या दिवशी हिवाळा आला. थोरला निर्धास्त होता. पण पाच-सहा दिवसांतच पेटीतलं पिवळं ते सगळं लाल झालं. लाल झालेलं खाल्लं तर पोट पुरतं भरेना आणि खेळातल्या माणसाचं डोकं फिरू लागे. त्यानं थोडं खाल्लं, थोडं उद्यासाठी ठेवलं. उद्या पेटी उघडली तर कप्प्याकप्प्यात कुजके गोळे होते.

तो बर्फातून ओढा ओलांडून धाकट्याच्या तळावर गेला. धाकट्यानं साधी पेटी उघडली आणि वाळलेलं अर्धं मांस त्याच्या पुढ्यात टाकलं.

“एवढं नको. तुला कमी पडलं तर?”

“पडलं तर पडलं. ससे आहेत, दांडी आहे. परवापर्यंत पुन्हा वाळेल.”

थोरल्यानं मांस उचललं. तो काही बोलला नाही. आजी तोवर कणीक मळायला उठून गेली होती.

जुलै आला, शाळांना सुट्टी लागली. आषाढ संपत आला होता. 29 तारखेला श्रावण लागणार, मग महिनाभर घरात मासळी-मटण शिजणार नाही, म्हणून वडिलांनी त्याआधी पोटभर खायचं ठरवलं. सोमवारी ते मोठ्या दुकानात गेले. तिथे सूट चालू होती. कोळंबी, पापलेट, मटण, कोंबडी असं इतकं घेतलं की फ्रीजरचं दार लागेना. दाराला पाठ लावून त्यांनी ते बंद केलं आणि म्हणाले, “आता चिंता नाही.”

मंगळवारी आभाळ भरून आलं. बुधवारी, 27 जुलैला, पावसानं धरलं. असा पाऊस त्या शहरानं कित्येक वर्षांत जुलैत पाहिला नव्हता. फुजैराच्या बंदरावर दोन दिवसांत 255 मिलिमीटर पाणी पडलं. सत्तावीस वर्षांत जुलै महिन्यात त्या देशात एवढा पाऊस झाला नव्हता. हजरच्या उघड्या डोंगरांवर पाणी मुरायला माती नव्हती, अडवायला झाडं नव्हती. ते कोरड्या नाल्यांतून थेट शहरात उतरलं. रस्त्यांवर मोटारी तरंगू लागल्या. मदतीला लष्कर आलं. हजारो माणसांना हॉटेलांत आणि निवाऱ्यांत हलवावं लागलं. काही माणसं दगावलीही.

त्यांच्या इमारतीत तळमजल्यावर कमरेएवढं पाणी आलं. बकाल्यातल्या तांदळाच्या गोण्या, पाव, दूध सगळं पाण्यात गेलं. विजेची खोली तळमजल्यालाच होती. दिवे गेले, लिफ्ट थांबली, वातानुकूलन बंद पडलं.

आजी म्हणाली, “फ्रीजरमधलं आत्ताच काढा. गॅस आहे. रात्रीत शिजवून सगळ्या मजल्यांवर वाटून टाकू.”

वडील म्हणाले, “नको, दार उघडूच नका. गारवा जाईल. रात्रीत दिवे येतील.” त्यांनी दाराला चिकटपट्टी लावली.

रात्रीत दिवे आले नाहीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंतही आले नाहीत. घरात उकाडा इतका होता की भिंतींना ओल आली. दुपारी वडिलांनी दार पुन्हा चाचपलं, उघडलं नाही. संध्याकाळी फ्रीजरखालून लालसर पाण्याचा ओघळ आला आणि वास सुटला. तेव्हा चिकटपट्टी काढली. काहीच खाण्याजोगं उरलं नव्हतं. वडिलांनी पाच पिशव्या भरल्या आणि अंधारात जिना उतरून खाली नेल्या. थोरला त्यांच्यामागे विजेरी धरून उभा होता. पिशव्यांकडे तो बराच वेळ पाहत राहिला.

त्या दिवशी दिव्यांची अवस होती. आजीनं घरातले दोन पितळी दिवे घासून ठेवलेच होते. ते पेटवले. मग तिनं कपाटाच्या वरच्या फळीवरून डबे खाली काढायला सांगितले.

खारवलेल्या सुरमईचे तुकडे तिनं धुतले, कोमट पाण्यात ठेवून मीठ उतरवलं आणि आंबोशी घालून कालवण केलं. जवळा कोरडाच भाजून कांदा-मिरचीबरोबर परतला. कुळथाची पिठी केली. सांडगे आणि ताकातल्या मिरच्या तळल्या. पापड्यांचा डोंगर झाला. पातेलंभर भात झाला. मग ती थोरल्याला म्हणाली, “जा, मजल्यावरच्या सगळ्यांना बोलाव. नातूरलाही.”

थोरला जागचा हलला नाही. हळू आवाजात म्हणाला, “आजी, आपण मोजून खाल्लं तर हे आपल्याला दहा दिवस जाईल. दिवे कधी येतील सांगता येत नाही. बकालाही बुडालाय.”

“दहा दिवस मोजून खायचं, आणि समोरच्या घरातलं पोर रडताना ऐकायचं?” आजी म्हणाली. “जा.”

तो गेला. समोरचं मल्याळी कुटुंब आलं, त्यांची लहान मुलगी आली. टोकाच्या खोलीतल्या दोन फिलिपिनो परिचारिका आल्या. पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेला नातूर दारातच उभा राहिला, त्याला हाताला धरून आत बसवावं लागलं. मल्याळी काकूंनी खाऱ्या सुरमईचा पहिला घास घेतला आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या आईकडेही अशीच मासळी वाळत घालत. नातूरनं सांडगा बोटांत फिरवून पाहिला, मग एकामागून एक सहा खाल्ले.

सगळे गेल्यावर थोरल्यानं डब्यांत डोकावून पाहिलं. एक डबा रिकामा झाला होता. दुसऱ्यात निम्मं होतं. सकाळी दाराबाहेर मल्याळी काकूंनी ठेवलेला केळ्याच्या वेफर्सचा पुडा आणि अर्धी गोणी तांदूळ होता. नातूरनं कुठूनसे पाण्याचे दोन मोठे कॅन चौथ्या मजल्यापर्यंत खांद्यावरून आणून ठेवले होते. परिचारिकांनी रुग्णालयातून येताना पाव आणला.

दुपारी दिवे आले.

त्या रात्री थोरला आजीजवळ जाऊन बसला. “आजी, पाऊस येणार हे तुला कसं कळलं होतं?”

आजी हसली. “मला कुठून कळणार? मी तर तुझ्या बापाचं ऐकून म्हटलं, इथे पाऊस नाहीच पडत.”

“मग एवढं वाळवलंस कशाला?”

“ऊन होतं म्हणून,” आजी म्हणाली. “कैऱ्या होत्या, मासळी स्वस्त होती, हात रिकामे होते. असं ऊन वाया घालवायचं का?”

थोरला जरा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “मी हिवाळ्याच्या भीतीनं साठवत होतो.”

“म्हणून तुला पेटी उघडवत नव्हती,” आजी म्हणाली आणि दिवा मालवून आडवी झाली.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आजी परत गेली. मुलांनी नवा डाव मांडला. या खेपेला थोरल्यानं बर्फपेटी केली, पण तिच्यात दोन-तीन दिवसांपुरतंच ठेवलं. ओढ्याच्या अलीकडे त्यानं चार दांड्या उभ्या केल्या. भूक लागली की ताजं खाई, उरलं की टांगी. हिवाळा आला आणि गेला, दोघांच्या पेट्यांत वाळलेलं मांस शिल्लक राहिलं.

साठवण सगळेच करतात. कुणी भीतीनं करतो, कुणी सुगी आहे म्हणून करतो. डबे बाहेरून सारखेच दिसतात. फरक कळतो तो डबा उघडायची वेळ आल्यावर. भीतीनं भरलेला डबा कितीही गच्च असला तरी पुरेसा वाटत नाही. माणूस त्यातलं स्वतः खात नाही, दुसऱ्याला देत नाही, आणि जपता जपता ते हातातच नासून जातं. सुगीत राखलेलं तसं होत नाही. ज्यानं ते रोज थोडं थोडं आपल्या हातानं वाळवलं, त्याला ठाऊक असतं की ऊन पुन्हा पडेल आणि हातही जागेवर आहेत. म्हणून तो सहज वाटू शकतो. आपल्याकडे खळ्यावर रास झाली की बलुतेदारांचं माप आधी घालत आणि मग धान्य घरी नेत. त्यामागचं शहाणपण हेच होतं.

अन्नाचं जे, तेच पैशाचं, विद्येचं आणि वेळेचं. तेव्हा वाईट दिवसांची वाट पाहत काही साठवू नका. आज ऊन आहे, तर आजच थोडं वाळत घाला. आणि दारात कुणी उपाशी उभा राहिला, तर डब्याचं झाकण आधी काढा, मोजदाद मागून करा.